ताटाची डावी बाजू

आई,

काल वॉर्डात मी एका मुलीवर अशी खेकसले की नर्स धावत आली. तिच्या बापाच्या डोक्याला अपघातात मार बसलाय. तो ताटातला उजवीकडचा भात खातो, डावीकडचा त्याच्या लेखी नसतोच. माझी पाठ वळताच मुलीने ताट फिरवलं. "फिरवायचं नाही, त्यांना शोधू दे!" मी ओरडले, आणि आवाज थेट तुझा निघाला. घरी आल्यापासून सर्वण गावातली आपली भाड्याची खोली डोळ्यांसमोरून हलत नाही.

बाबांचा खनिजाचा ट्रक वळणावर उलटला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. दीड महिन्याने ते इस्पितळातून घरी आले, जखम भरलेली होती, आपल्याला वाटलं सुटलो. मग ते अर्धीच दाढी करू लागले. डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटायचा. जेवताना अर्धा भात तसाच. शेजारणी म्हणाल्या, अन्नावरची वासना उडाली. तू आधी मिठाला दोष दिलास, मग तांदळाला. चौथ्या दिवशी मात्र ताटातला बांगडा डावीकडून उचलून उजवीकडे ठेवलास. त्यांनी त्याचा फडशा पाडला. चौथीपर्यंत शिकलेली तू दुसऱ्या दिवशी डिचोलीच्या डॉक्टरांसमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "ह्येंका डावी बाजू दिसणा नाय." डॉक्टर म्हणाले, डोळे ठीक आहेत, मेंदू ती बाजू विसरलाय; तिकडे बघायची सवय त्यांना लावायला हवी.

झालं, तुला तेवढंच पुरे होतं. बाबांचा सदरा डावीकडच्या खुंटीवर गेला, रेडिओ डावीकडे, पोदेराच्या भट्टीतला पाव डावीकडे, आणि हाक मारायची तर तू डावीकडूनच मारायचीस. बांगडा रोज ताटाच्या डाव्या कडेला, लोणचं मात्र उजवीकडे. बाबा विचारायचे, "आज बांगडो नाय?" तू म्हणायचीस, "आसा. सोदा." आणि त्यांना शोधायला लावून हात मांडीवर ठेवून बसून राहायचीस. बांगडा गार व्हायचा, बाबा रडवेले व्हायचे. मी एकदा ताटाला हात लावला तर फटका बसला. "आज ताट फिरवशीत. उद्या रस्तो कोण फिरवतलो गो?"

दारासमोरून दिवसभर ट्रक जायचे. डावीकडून येणारा ट्रक त्यांना दिसला नाही तर काय, हे तू एकटीच बघत होतीस. मला तू दगडाच्या काळजाची वाटायचीस. पुढे हेच उपचार शिकायला मी चार वर्षं पुस्तकं घोकली आणि पानोपानी तूच भेटत राहिलीस. तुझ्यासारखी चिवट बाई मी पुन्हा पाहिली नाही.

मग तो रविवार. बाबा ओरडले, "गावलो! बांगडो गावलो!" तू सोलकढीचं भांडं घेऊन आतून आलीस आणि उभ्या उभ्या रडलीस. स्वतःच्या ताटातला बांगडाही त्यांना वाढलास. दुसऱ्या दिवशी देवळात नारळ ठेवून आलीस. त्या दुपारी त्यांना काहीच सापडलं नाही, तरी तू हसत म्हणालीस, "काल गावलो, म्हंजे आज पण गावतलो." त्या एका रविवारच्या जोरावर तू आणखी अडीच महिने तशीच हात मांडीवर ठेवून बसलीस. आणि एके दिवशी बाबांनी मान वळवली, खरोखर वळवली. पुढच्या वर्षी ते एकटे रस्ता ओलांडून पाव आणायला जायला लागले. डावीकडे दोनदा बघायचे.

तू गेलीस त्यालाही आता बरीच वर्षं झाली. हे कागद कपाटात पडून राहतील, तरी एकदा लिहून टाकते. त्या रविवारी तू सोलकढी आणायला आत गेलीस तेव्हा ताट मी फिरवलं होतं. उजवीकडे वाढलेलं लोणचं डावीकडे आलं होतं, आणि तू रडताना ताटाकडेच बघत होतीस.