भिंतीवरचे थोरले दीर

ती. दादास धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

ताजी बातमी अशी, की तुझ्या पुतणीचं ठरत आलेलं लग्न मोडायच्या बेतात आहे, कारण मुलगा आणि मुलगी एकाच घराण्यातले निघाले. मुलाच्या आजींनी तसा दुजोरा दिला आहे, तोही भिंग लावून. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे सर्व क्षेम होतं, परवापर्यंत.

निवृत्तीनंतर मी जुने काळे-पांढरे फोटो जमवतो, हे तुला ठाऊक आहेच. (आपले नव्हे, परक्यांचे. आपल्यात बघण्यासारखं कोण आहे?) रद्दीवाल्याच्या टोपलीत कुणाकुणाच्या आत्या, मामा, सायकलीला टेकून उभे असलेले रुबाबदार जावई पडलेले असतात. मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर तलाव, पुढे खुर्ची आणि खुर्चीत रडायच्या बेतात असलेलं मूल. बघितलं की गलबलून येतं. ज्या काळात मी नव्हतोच, त्याच्या आठवणीने डोळे भरतात. (सौ. म्हणते, सख्ख्या मामांना पोचवायला गेलात तेव्हा कोरडे होते.)

तर परवा ती मंडळी मुलगी बघायला आली. मुलाच्या वडिलांनी भिंतीवरच्या झुबकेदार मिशांच्या गृहस्थाकडे बोट दाखवून विचारलं, "हे कोण?" चारचौघांत रद्दीचं दुकान कसं सांगू? म्हणालो, "आमचे चुलत आजोबा. तरुणपणी रुसून घर सोडून गेले." (फोटोला काहीतरी गोष्ट हवी, नाहीतर अशा मिशा वाया जातात.) त्याबरोबर आजी उठल्या, पिशवीतून भिंग काढून फोटोपाशी गेल्या आणि मटकन खाली बसल्या. "अगं बाई, हे तर आमचे थोरले दीर! रुसूनच गेले होते हो!" मग माझा हात धरून म्हणाल्या, "शेवटी सुखात होते ना?" त्या माउलीचा चेहरा बघून मी काय बोलणार? म्हणालो, "फार सुखात."

तिथेच पाय खोलात गेला. दीर त्यांचे, आजोबा आमचे, म्हणजे पोरं भाऊबंद! सौ.ने घाईघाईने खरं सांगून टाकलं, तर मुलाचे वडील म्हणाले, "स्थळ पसंत नसेल तर सरळ सांगा. आमच्या काकांना रद्दीत काढू नका." तेव्हापासून मुलगी माझ्याशी बोलत नाही. बोललीच तर कपाटाकडे बघून बोलते.

आता घरातला वडीलधारा म्हणून तू ये आणि एवढंच शपथेवर सांग, की आपल्या घराण्यात असा माणूस कधी झाला नाही, आणि मिशा तर कुणालाच धड आल्या नाहीत.

तुझा,
धाकटा

ता. क. येताना पुरावा म्हणून आपल्या खऱ्या चुलत आजोबांचा फोटो शोधून आण. माझ्याकडे आपल्या घरचा एकही फोटो नाही. होता तो अल्बम मी दुसऱ्या एका शौकिनाला अदलाबदलीत दिला, एका अनोळखी लग्नाच्या बदल्यात. (लग्न अप्रतिम आहे.)

आणखी एक ता. क. आजींचा आत्ताच निरोप आला. दिरांचा फोटो त्यांना हवा आहे. जड मनाने देतो आहे. तो न्यायला त्या रविवारी येणार आहेत, तेव्हा तू शनिवारीच पोच. सोबत त्यांची धाकटी बहीण असेल. तिची नजर अजून चांगली आहे म्हणे, आणि भिंतीवरचे बाकीचे सगळे तिला एकदा नीट बघायचे आहेत.