पहिले पाचशे मैल

आई, तू अमेरिकेत ट्रॉयला माझ्याकडे राहून गेलीस त्या उन्हाळ्याबद्दल लिहायचंय. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि या अकरा वर्षांत ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही.

तू आलीस आणि दुसऱ्याच आठवड्यात मी माझ्या मोटरसायकलचं इंजिन उघडलं. आधीच ते धूड साडेतीनशे किलोचं. टाकी काढून जुन्या गादीवर ठेवलेली, आणि गॅरेजच्या पायरीवर तू मटार सोलत बसलेली. "आधी चालत नव्हती का गं?" तू विचारलंस. म्हटलं, चालत होती, पण मला अजून ताकद हवीय. मोठे सिलिंडर, मोठे पिस्टन, नवा एक्झॉस्ट. "एवढी ताकद कशाला? ओढायचं काय आहे तुला?" मी हसले. तू हसली नाहीस, तुला खरंच जाणून घ्यायचं होतं. आरोग्य केंद्रातल्या नोकरीत तू वीस वर्षं मोपेड चालवलीस. पायाशी लसींचा डबा, मागे मी. चढ आला की "उतर गं बाई, हिला दम लागला," म्हणायचीस आणि पॅडल मारत वर न्यायचीस. मी शेजारून चालत. "झाली की मला एकदा मागे बसव," तू म्हणालीस. "चढावर मी उतरणार नाही हं, आत्ताच सांगून ठेवते." त्या संध्याकाळी माझं जादा हेल्मेट घालून तू कांदा चिरून फोडणीला टाकलास. यात वास येत नाही, डोळ्यांत पाणी येत नाही, म्हणून खूश होतीस.

काम लांबत गेलं. एक गॅस्केट चुकीचं आलं, मग ऑफिसचं काहीतरी निघालं. तुझं परतीचं तिकीट तीन आठवड्यांवर आलं तेव्हा कुठे इंजिन सुरू झालं. आवाजाने मांडणीतल्या वाट्या थरथरल्या. ओढणी कमरेला बांधून, पायात बूट घालून तू बाहेर आलीस. मी म्हटलं, "आई, आत्ता नको. नवे पिस्टन आहेत. पहिले पाचशे मैल मागे कुणाला बसवायचं नसतं." "असं होय?" तू म्हणालीस, "मग बूट काढते." डॉक्टरांची सूचना पाळावी तशी तू ती पाळलीस. रोज मी चक्कर मारून आले की दारातच विचारायचीस, "किती झाले?" मी सांगायचे, ऐंशी, एकशे वीस.

नव्या पिस्टनवर जपून चालवायचं असतं, हे खरं आहे. पण गल्लीभोवती दहा मिनिटांची एक फेरी मारली असती तर त्या पिस्टनना काही झालं नसतं. तू मागे बसली असतीस तर मला हळू जावं लागलं असतं. मला त्या इंजिनात काय आहे ते बघायचं होतं, आणि ते बघून वा म्हणणारं कुणीतरी हवं होतं.

मग एक शनिवार आला, तेव्हा अडीचशे मैलसुद्धा झाले नव्हते. ऑफिसातल्या हैदराबादच्या मैत्रिणीला मी तिच्या घरून मागे बसवलं आणि सरोवराच्या रस्त्याने दूरवर नेलं. तू दिलेल्या दशम्या आम्ही दोघींनी खाल्ल्या. येताना ती चहाला घरी आली. तू झाडांना पाणी घालत होतीस. ती सीटवरून उतरता उतरताच ओरडली, "आंटी, आपकी बेटी तो उडाती है! पूरे रास्ते मैं पीछे चिल्ला रही थी!" तू तिच्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. पाइपमधलं पाणी एकाच कुंडीत पडत राहिलं. "चहा टाकते," तू म्हणालीस. "तिला म्हणावं, जेवूनच जा."

त्यानंतर तू मैल विचारले नाहीस. मी दोनदा म्हटलं, चल ना आज. दोन्ही वेळा तुझा गुडघा दुखत होता. मग तू परत गेलीस, आणि जानेवारीत दादाचा फोन आला. झोपेतच गेलीस म्हणाला.

मी घरी पोचले तेव्हा दादाने पहिलं हेच विचारलं. "तिला बसवलंस का गं गाडीवर? फोनवर सारखं सांगायची, मला मागे बसवणार आहे म्हणून." म्हणजे त्या शनिवारचं तू त्याला काहीच बोलली नव्हतीस. मी म्हटलं, "हो, सरोवरापर्यंत गेलो होतो." तो रडता रडता हसला. मग आलेल्या प्रत्येकाला तेच सांगत बसला.

त्याची मुलगी आता इथे शिकायला आलीय. गेल्या रविवारी मागे बसताना तिने विचारलं, "आत्या, आजी इथेच बसली होती ना?" मी तिच्या हेल्मेटचा पट्टा बांधत होते. हे पत्र खरं तर दादाला लिहायला हवं, हे मला कळतं. पण त्याला लिहिणं मला जमणार नाही. तिलाही मी हो म्हणाले, आई.