आसरा भेटली

हिंगोली,
ता. १२ सप्टेंबर १९७६

चि. मालन हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इकडे सर्व क्षेम. दाढ दुखते, पण ती सुट्टीच्या दिवशी दुखत नाही, म्हणून वैद्याला दाखवली नाही. सेनगावच्या शाळेत पोरं तुला 'मालनबाई' म्हणतात, हे वाचून बरं वाटलं. माझ्या वर्गात तुझा 'ऋ' तीन वर्षं उलटा होता, हे त्यांना सांगणार नाही.

शाळेला पुस्तकांचं कपाट मिळालं. त्यात परीकथांचे संग्रह ठेवायचे, आधी स्वतः वाचून हा प्रकार समजून घ्यायचा, तर कोणते निवडू, असं विचारतेस. मुखपृष्ठावर पंखवाली गोरी बाई आहे एवढ्यावर पुस्तक घेऊ नकोस. दुकानातच मधली एखादी गोष्ट काढून मोठ्याने वाच. दुकानदाराने वहीतून मान वर केली तर घे. प्रत्येक गोष्टीला शेवटी तात्पर्याची मलमपट्टी असेल तर ठेवून दे; ती दवाखान्यात शोभते. एक संग्रह परदेशी गोष्टींचा घे, एक आपल्याकडच्या. तीच गोष्ट दोन्हीकडे सापडेल. सावत्र आई तर साऱ्या पृथ्वीवर एकच आहे. आणि प्रस्तावना जरूर वाच. गोष्ट कुणाकडून ऐकली त्याचं नाव संपादकाने दिलंय का बघ. दिलं नसेल तर

हे वाक्य मला पुरं करता आलं नाही.

तुझ्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "मला तोंडी गोष्ट सांगता येत नाही सर, वाचूनच दाखवावी लागते." त्या ओळीमुळे आठ दिवस उत्तर टाळलं. मी छापलेल्या गोष्टींच्या पुस्तकाचा तू पत्रात कुठेही उल्लेख केला नाहीस. तो मी करतो.

तुझी आई शाळेमागच्या अडतीत हळद निवडायला यायची. दुपारी भाकर खाताना तुम्हा पोरींना गोष्ट सांगायची आणि मी वही घेऊन बसायचो. रुक्माबाई म्हणायच्या, "सर, हूं म्हणा की. नुस्तं लिहून काहून राहिले? हूं म्हन्ल्याबिगर गोष्ट म्होरं जात न्हाई." मी हूं म्हणायचो आणि मनात त्यांचं व्याकरण सुधारायचो.

त्या म्हणाल्या, "पोरगी डोहापाशी गेली. तिला आसरा भेटली." मी मनाशी हसलो. आसरा पुल्लिंगी; बाई लिंग चुकल्या. पुस्तकात छापलं, 'तिला आश्रय मिळाला.' वर माझं नाव. आत, 'लोकमुखातून संकलित'. लोकमुख म्हटलं की तोंड कुणाचं हे सांगावं लागत नाही.

पुढच्या वर्षी, पासष्ट साली, कथाकथनाची स्पर्धा. तू आठवीत. धीटपणे म्हणालीस, "तिला आसरा भेटली. तिच्या वल्या केसातून पाणी गळून राहिलं व्हतं." आश्रयाला केस नसतात, मालन. मला तिथल्या तिथे कळलं. डोहात राहणाऱ्या, ज्यांच्यासाठी बाया काठावर नारळ ठेवतात, त्या आसरा. अप् म्हणजे पाणी; पाण्यात सरते ती अप्सरा; अप्सरेची झाली आसरा. संस्कृताच्या मास्तराने परीकथेतून परीच खोडून टाकली होती.

परीक्षकांच्या हातात माझं पुस्तक होतं. "यातली गोष्ट पाठ केलीस, तीही चुकीची. आसरा भेटला म्हणतात, पोरी." सगळे हसले. तू म्हणालीस, "माझ्या मायची गोष्ट हाय. सरांना विचारा." सर शेजारच्याच खुर्चीत होते. सर म्हणाले, "असू द्या, लेकरू आहे."

म्हणजे बघ, गुन्हा माझा आणि क्षमा तुला केली. त्यानंतर तू मंचावर चढली नाहीस. मी तुला व्याकरणात पैकीच्या पैकी गुण देत राहिलो. तुला ते कशाचे हे कळलं असेलच.

काल वाचनालयात जाऊन ते पुस्तक काढलं. शाईने 'आश्रय मिळाला' खोडून 'आसरा भेटली' लिहिलं. वरचं माझं नाव खोडून रुक्माबाईंचं घातलं. ग्रंथपाल संतराम धावत आला, "सर, पुस्तक खराब करून राहिले तुमी!" म्हटलं, "खराब बारा वर्षांपूर्वीच केलंय, संतराम. आज धुतोय." परीक्षकांनाही लिहिलं. ते आहेत की नाहीत ठाऊक नाही. जुन्या पत्त्यावर टाकलं.

यादी वेगळ्या कागदावर जोडली आहे. सहा संग्रह आहेत, माझा नाही. पण कपाट येईपर्यंत थांबू नकोस. उद्या वर्गात पुस्तक मिटून ती गोष्ट सांग, आई सांगायची तशीच, स्त्रीलिंगी.

आणि हे पत्र रुक्माबाईंना वाचून दाखव. त्यांना वाचता येत नाही, याच भरवशावर मी ते पुस्तक छापलं होतं. त्या जे म्हणतील, शिवी असली तरी, ते तसंच्या तसं लिहून पाठव. या खेपेला मी काना-मात्रेलाही हात लावणार नाही.

तुझा, विचारलं तेव्हा खरं न बोललेला,
किशनराव