उजवं मनगट

२० मे १९१८, चाळीसगाव
डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! आखाजीच्या सणाला खापरावर पुरणपोळी टाकताना तोल गेला, उजवा हात भिंतीवर आपटला. बांगड्या फुटून काच मनगटात शिरली. रक्ताआधी सासूबाईंना बांगड्या दिसल्या. "बांगड्या फुटन्यात व माय! मना पोर्‍याले काय व्हई आते?" लगेच कासार बोलावला, ओल्या जखमेवरच नव्या चढवल्या. सवाशिणीचा हात उघडा कसा ठेवायचा? मीही निमूट हात पुढे केला. मूर्ख मी!

९ जून
जखम चिघळली. हे शाळेतून रजा घेऊन मला जळगावला डॉक्टरांकडे घेऊन गेले. करंगळी आणि शेजारचं बोट आकडलेलं, मुकं. "शीर दुखावलीय, पुरती तुटलेली नाही. बांगड्या काढा. रोज ऊन पाण्यात हात धरा, बोटं फाकवा, बोटांच्या बेचक्यात कागद धरा. पाच-सहा महिने. कंटाळलात तर हात गेला!"
बांगड्या यांनीच काढल्या. घरी त्यावरून महाभारत.

२ जुलै
हे बेचक्यात कागद देतात. "धर घट्ट." ओढला की सुटतो. रोज सुटतो.

१४ ऑगस्ट
चुलीशी करंगळी भाजली. वास आला तेव्हा कळलं.
सासूबाई शेजारच्या भागाबाईंना सांगत होत्या, मला ऐकू जाईल असं — "हाऊ हात काय कामना शे? दिवाळी लगून देखसू, मंग दुसरी सोयरीक." हे आतून आले. "माय, हात बरा व्हई. नही व्हयना तरी हाईच मनी बायको."
पण दिवाळी काही थांबायची नाही. फार भीती वाटते.

२६ सप्टेंबर
कागद फाटला! यांनी ओढला, मी सोडला नाही. कोपरा माझ्याच बेचक्यात राहिला. दोघंही पोरांसारखे हसलो. करंगळी अजून बधिर आहे, पण धरते.

८ ऑक्टोबर
गावात मानमोडीची साथ. शाळा बंद. यांना कालपासून ताप. तापातही विचारतात, "बोटं फाकवलीस?" हो म्हटलं. खोटं.

१२ ऑक्टोबर
धाप कमी होत नाही. सासूबाई एकच घोकतात — बांगड्या आखाजीलेच फुटन्यात. आज कासाराला मीच बोलावलं. दोन्ही हात भरून घेतले. हात गेला तर जाऊ दे.

१५ ऑक्टोबर
पहाटे हे गेले. दुपारी भागाबाईंनी दगडाने माझ्या बांगड्या फोडल्या. एक काच करंगळीत घुसली — दुखलं! खरंच दुखलं! यांना सांगायला वळले.