एक वाक्य मागे घेण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत, कोणी हात धरून लिहवून घेत नसताना लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे उंदरांचे पिंजरे सांभाळले, म्हणून तिथे मला सगळे उंदीरमावशी म्हणत.

१. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात धाकट्या भावाबद्दल जे लिहिले होते ते खोटे नव्हते, पण अर्धेच होते.

२. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी, मी माझ्या भाचीला देत आहे. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. चार वर्षांची असताना ती माझ्याकडे आली. का आली, ते घराच्या कागदांत कुठे नाही, म्हणून इथे लिहिते. भावाने, म्हणजे तिच्या बापाने, रागाच्या भरात तिचा हात पिरगाळून मोडला. मी तिला दवाखान्यातून थेट घरी आणले. भाऊ दारात आला तेव्हा मी म्हणाले, "तू बापाचाच मुलगा. खाण तशी माती. परत इथे पाऊल टाकू नकोस." तो जिना उतरला.

३. आता राहिलेले अर्धे. आमचे वडील दोरखंडाच्या कारखान्यात होते. घरी आले की पट्टा काढत. आई गेली तेव्हा मी सोळा वर्षांची होते, भाऊ सात. घर माझ्यावर पडले. एकदा त्याच्या हातून दूध सांडले, आणि मी खुंटीवरचा तोच पट्टा घेतला. पुढे दोन वर्षे घेत राहिले. एके दिवशी मारता मारता कपाटाच्या आरशात माझा चेहरा दिसला. तो वडिलांचा होता. पट्टा मी कारखान्यामागच्या नाल्यात टाकला आणि ठरवले की लग्न नाही, मूल नाही.

सव्विसाव्या वर्षी गल्लीतल्या पुस्तकबांधणीवाल्याने विचारले. मी म्हणाले, "माझ्या रक्तातच आहे ते. पोर झालं तर त्यालाही मारीन." तो म्हणाला, "मला तर कधी मारलं नाहीस." मी हसले नाही. त्याने पुन्हा विचारले नाही, लग्नही केले नाही. त्याचे मला आजही वाईट वाटते.

४. प्रयोगशाळेत मी पाहिले ते असे. काही उंदरिणी पिल्लांना सतत चाटतात, काही पाठ फिरवून बसतात. चाटलेली पिल्ले मोठी झाल्यावर शांत असतात. दुसरी पिंजऱ्याचे झाकण वाजले तरी दचकतात. मला वाटे, स्वभावाला औषध नाही. मग एका वर्षी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी जन्मल्या दिवशीच पिल्लांची अदलाबदल करायला सांगितली. ती मीच केली. परका वास लागू नये म्हणून नव्या आईच्या पिंजऱ्यातला भुसा हातमोज्यांना चोळून. पाठ फिरवणाऱ्या आयांची पिल्ले दुसऱ्या आयांनी चाटून वाढवली, ती शांत निघाली. त्यांतल्या माद्यांनी पुढे आपलीही पिल्ले चाटली.

मी मॅडमना विचारले, "रक्त तर तेच ना त्यांचं?"

त्या म्हणाल्या, "जनुकं तीच, मावशी. पण त्यांच्यावर बारीक खुणा बसतात. कुठलं जनुक बोलेल, कुठलं गप्प बसेल, हे त्या खुणांवर ठरतं. आईच्या चाटण्यानं त्या बदलतात."

"आणि मोठेपणी?"

"काही तेव्हाही बदलतात. मोठ्या पिंजऱ्यात, सोबतीनं ठेवलं की फरक दिसतो. पण उंदरावरून माणसाचं सांगायची घाई नको. आपलं इतकं सरळ नसतं."

मी घाई केली नाही. फक्त भुशाच्या कोठीत जाऊन बराच वेळ बसले. दोष रक्तावर ढकलला की हात मोकळा राहतो. ज्याला मी बापाचा मुलगा म्हणून हाकलले, तो सातव्या वर्षापासून माझ्या हाताखाली वाढला होता.

५. भाची आठ वर्षांची असताना, म्हणजे हे सगळे कळण्याच्या तीन वर्षे आधी, बाहुलीला निजवता निजवता तिने विचारले होते, "मला बाळ होईल का?" मी भाजी चिरत म्हणाले, "आपल्या घरातल्यांनी पोरं होऊ देऊ नयेत. रक्तातच आहे आपल्या." मी विसरले. ती विसरली नाही. लग्नाला सहा वर्षे झाली, नवऱ्याला ती काही ना काही कारण सांगत राहिली. मागल्या वर्षी माझ्याशी बोलली.

"आत्या, भीती वाटते. चिडले की हात वर जाईल असं वाटतं."

"गेला कधी?"

"नाही."

"आणि मी तुला कधी मारलं?"

तिने आठवून पाहिले. "नाही. तू चिडलीस की घासलेली भांडी पुन्हा घासायला बसायचीस."

भाजी चिरताना बोललेले ते वाक्य मी या कलमाने रद्द करत आहे. मूल व्हावे असा हा हुकूम नाही. घराला कोणतीही अट नाही. मात्र तिने जे ठरवायचे ते मी घातलेल्या भीतीने ठरवू नये.

६. गेल्या महिन्यात मी भावाकडे गेले. तो पाण्याचे पंप दुरुस्त करतो. पट्ट्याचे सगळे बोलले. तो म्हणाला, "ताई, मला वाटायचं मी विसरलोय." बराच वेळ हातातला नट फिरवत बसला. मग त्याने विचारले, "तिचा हात थंडीत दुखतो का अजून?" मी म्हटले, तिलाच विचार. मी मारले म्हणून त्याने मोडलेला हात माफ होत नाही. तो आला तर दार उघडायचे की नाही, हे भाचीने ठरवावे. माझी मनाई उठली.

७. बँकेतली शिल्लक भाचीला. कोणत्या पिंजऱ्यात कोणती आई होती त्याच्या माझ्या वह्या प्रयोगशाळेला. माझे उंच स्टूल पिंजऱ्यांवर आलेल्या नव्या बाईला, तिची पाठ वाचेल. संचालकांना काही नाही. त्यांनी त्या अदलाबदलीच्या अहवालात माझ्या नावाच्या जागी 'इतर' लिहिले होते.

८. पुस्तकबांधणीवाल्यासाठी माझा रेडिओ ठेवायचा होता. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मी त्याला विचारले, रेडिओ हवा की साक्षीदाराची सही? तो म्हणाला, "रेडिओ आहे माझ्याकडे. सही करतो."

स्थळ : माझे राहते घर, गॅलरीतले टेबल
दिनांक : ९ ऑक्टोबर २०२५, सकाळी

सही : (उंदीरमावशी)

साक्षीदार पहिली : प्रयोगशाळेच्या निवृत्त प्रमुख. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरा : पुस्तकबांधणी करणारा. सही माझ्यासमोर झाली. तिने सगळे मोठ्याने वाचून दाखवले. पाचव्या कलमाशी थांबली, पाणी प्यायली, आणि ते कलम पुन्हा पहिल्यापासून वाचले.