तारसाचा मुलगा बिथुस

बुऱ्हाणपूर,
गुरुवार

ती. मथुराआत्यांना भूपेंद्रचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? वैद्यांनी दिलेलं तेल लावता, की फडताळात ठेवून त्याच्याकडे नुसतं बघता? इकडे सगळे सुखरूप आहेत, म्हणजे जिवंत आहेत. सुखाचं पुढे लिहितो. रविवारी राजघाटावर आमचा कार्यक्रम आहे, पण तुम्ही मुळीच येऊ नका. धूलकोटहून एवढा प्रवास, वर ऊन, त्यात घाटाच्या पायऱ्या. मी आपलं मन मोकळं करायला लिहितोय.

तर आत्या, मी रोमन फौजेत भरती झालोय. (घाबरू नका, ती फौज केव्हाच संपली.) कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या वैजयंती मॅडमनी हौशी लोकांची एक तुकडी काढली आहे. जुन्या शिपायांसारखा पोशाख करायचा, त्यांच्यासारखं चालायचं आणि लोकांना इतिहास दाखवायचा. बुऱ्हाणपुरात मोगल व्हायला माणसं रांगा लावतात, म्हणून मॅडमनी रोमन घेतले. मी त्यातला सहायक शिपाई, म्हणजे रोमचा नागरिक नसलेला, बाहेरच्या मुलखातून भरती केलेला. पंचवीस वर्षं चाकरी केली की त्याला नागरिकत्व मिळायचं. मी सरकारी शाळेत अतिथी शिक्षक असल्यामुळे मला ही नोकरी लगेच समजली. (त्यांना निदान कायम कधी होणार ते माहीत होतं, याचा हेवाही वाटला.)

चिलखत मिळालं, ढाल झाली, घोडं अडलं ते नावावर. मी आधी मार्कसपासून सुरू होणारं तीन मजली नाव घेतलं होतं. आरशासमोर म्हणून पाहिलं तर छाती फुगली. मॅडम म्हणाल्या, "भूपेंद्रजी, तीन नावं नागरिकाची. तुम्ही अभी परमनंट कुठे झालात?" सहायकाचं खरं नाव म्हणजे आपलं एक, मग बापाचं, मग जमातीचं. हे तर आपल्यासारखंच, म्हणून मी खूश होऊन 'भूपेंद्र गिरधर' म्हणालो, तर त्यांनी कपाळाला हात लावला. नाव त्या काळच्या शिळेवर किंवा पत्र्यावर कोरलेलं सापडतं असंच हवं. शेवटी ग्रीसच्या उत्तरेकडच्या थ्रेस मुलखातलं बिथुस ठरलं. पण बिथुसला बापही त्याच मुलखातला लागतो. मॅडमनी तारसा सुचवलं, मी मान डोलावली, आणि तिथेच घात झाला.

कार्यक्रमात शिपायांची हजेरी होते, तिला आवाज खणखणीत हवा, असं मॅडमचं म्हणणं. म्हणून मी अंगणात ढाल घेऊन सराव करत होतो, "बिथुस, तारसाचा मुलगा, जमात बेस्सी!" नेमके बाबा केळीच्या बागेतून आले. त्यांनी स्कूटर स्टँडवर लावली, माझ्याकडे पाहिलं आणि आईला विचारलं, "हा तारसा कोन?" आई म्हणाली, "मले काय विचारता?" (आईने एवढं लाल व्हायला नको होतं.)

तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. तारसा नुसता नावाचा बाप, एका दिवसापुरता, असं समजावायला गेलो तर ताट सरकवून उठले. "मी जित्ता आहे अन् पोरगा दुसऱ्याचं नाव लावते," असं आईला सांगतात, मला ऐकू जाईल अशा बेताने. त्यात शेजारच्या मालूबाईंनी भिंतीपलीकडून सगळं ऐकलेलं. गल्लीत बातमी पसरली की भूपेंद्र दत्तक चालला. किराणा दुकानात एकाने बाबांना विचारलं, "गिरधरभाऊ, त्या तारसाची केळी किती एकर?" बाबा साखर न घेताच घरी आले.

आत्या, हसू नका. रविवारी हजेरी होईल तेव्हा बाबा गर्दीत नसले तर माझ्या तोंडून आवाज निघणार नाही, आणि असले तर मुळीच निघणार नाही. माघार घ्यावी, तर खरं सांगतो, तो शिपाई मला सोडवत नाही. कुठल्या कुठे परमुलखात पडलेला, आणि कोणी कोण म्हणून विचारलं की बापाचं नाव सांगणारा. घरचं त्याच्याजवळ तेवढंच उरलं असेल. हे मी काल आईला सांगत होतो. बाबा पलीकडे पेपर वाचत होते, पण पान काही उलटलं नाही.

असो. गुडघ्यांना तेल लावा. माझी काळजी करू नका, ती मी पुरेशी करतोय.

तुमचा,
भूपेंद्र गिरधर (हेच खरं)

ता. क. : प्रवासाचं, उन्हाचं वर लिहिलं ते विसरा. रविवारी याच. गाडी पाठवतो, पायऱ्यांवर मी हात धरीन. माझ्या बारशाला कानात नाव तुम्हीच सांगितलं होतं, हे बिथुसही तुम्हीच सांगा. आत्याने ठेवलेल्या नावाला बाबा नाही म्हणायचे नाहीत. तुमच्यापुढे त्यांचं काही चालत नाही. घुगऱ्या आई करणार आहे.

ता. क. २ : पाकीट चिकटवत होतो तर बाबा आले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "तो बिथुस मंग घरी गेला का कधी?" मी म्हटलं, बहुतेक नाही. त्यांनी पाकिटातलं पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाले, "ताईले लिही, आधी माझं नाव ठेव म्हना, मी बाप आहे. एक दिवस होतो मी तारसा. पन सांज झाली का तिनंच ते नाव काढून घ्यायचं, अन् मले 'गिरध्या' म्हनून हाक मारायची. तशी हाक मारनारी आता तीच एक उरली."