नीमगढची किल्ली

१४ ऑक्टोबर १९५६, दसरा.
नीमगढच्या किल्लीची पूजा केली. वीतभर लोखंड, पणजोबा किल्लेदार होते तेव्हापासून आमच्या घरात. सौ. म्हणाली, तटाला एवढं खिंडार पडलंय, कुलूप कसलं मिरवता? हिला काय कळतंय! दरवाजा उभा आहे ना? आमच्या घराण्याचा किल्लेदार दरवाजातूनच आत जातो. खिंडारातून शेळ्या जातात.
निश्चय: सरकारने किल्ला जतनाला घेतला की रक्षक मीच.

१ नोव्हेंबर.
आधी संस्थान बुडवलं, आज मध्यभारत राज्यही बुडवलं. नव्या राज्याची राजधानी म्हणे भोपाळ! वाटोळं होवो. इथे महाराज बाड्याच्या चौकात लोक पेढे वाटत होते, निर्लज्ज. मी एकच घेतला.

१९ नोव्हेंबर.
किल्ला पाहायला पुरातत्त्वाचा माणूस येतोय. गोविंद मुजुमदार. इंदूरचा! शेव खाणाऱ्यांना किल्ल्यातलं काय कळणार? निश्चय: त्याच्या तोंडावर फेकायला रोज पहाटे नीमगढचा इतिहास लिहायचा.

२० नोव्हेंबर.
थंडी फार. इतिहास उद्यापासून.

२ डिसेंबर, नीमगढ.
पागोटं बांधून गड चढलो. पायथ्याचा दौलतसिंह शेळ्या घेऊन आधीच हजर. त्याला झापला, शेळ्या तट पाडतात म्हणून. म्हणतो, राव साहब, दीवार तो पहले से टूटी है! उर्मट.
मुजुमदारासमोर किल्ली फिरवली. कुलूप उघडलं! दरवाजा मात्र हलेना. लाकूड फुगलं असणार. मुजुमदाराने जरा वाट पाहिली आणि सरळ दौलतसिंहाबरोबर खिंडारातून आत. आतून हाका मारल्या, या ना, इकडून सोपं आहे. गेलो नाही. दुपारभर दरवाजाला खांदा लावला. आत दोघं भाकरी खात खिदळत होते.
बाहेर आल्यावर मुजुमदाराने विचारलं, शेवटचे आत कधी गेला होतात? म्हटलं, प्रसंग आला नाही. वडिलांनाही आला नव्हता. त्याने वहीत काहीतरी टिपलं. वचक बसला असावा.

११ जानेवारी १९५७.
सरकारने किल्ला घेतला. रक्षक दौलतसिंह! मुजुमदाराला जयेंद्रगंजातल्या ऑफिसात गाठून भांडलो. म्हणाला, रक्षक आत जाणारा हवा. इंदुरी हलकट! डोळ्यांत पाणी आलं. संतापाने.

२७ जानेवारी.
नीमगढ. दौलतसिंहाला त्याची पायरी दाखवायला गेलो. खाकी कोट घालून तटावरची झुडपं तोडत होता. दरवाजा अजून बंदच. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून खिंडारातून शिरलो. धोतर फाटलं.
आत तलाव आहे. मला माहीतच नव्हतं. फार सुंदर आहे.
मग दरवाजा आतून पाहिला. आडवा लोखंडी अडसर घातलेला, जाडजूड, गंजलेला. लाकूड फुगलंबिगलं काही नव्हतं. दौलतसिंह म्हणाला, आपके परदादा लगाके गए थे, हमारे बड़े-बूढ़े यही कहते हैं.
अडसर आतून घातला, तर पणजोबा बाहेर आले कुठून?
दुसरा दरवाजा नाही. खिंडार एकच आहे.
दौलतसिंहाने विचारलं, अडसर काढू का, दरवाजातून जाल? म्हटलं, राहू दे. आलो तसाच निघालो. पुढे शेळ्या होत्या, त्यांना आधी जाऊ दिलं.